निवासी डॉक्टरांसाठी मार्गदर्शित संशोधन प्रशिक्षण: अठरा महिन्यांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

निवासी डॉक्टरांसाठी गोव्यात चालणाऱ्या एका मार्गदर्शित संशोधन प्रशिक्षणाचे माझे अठरा महिने नुकतेच पूर्ण झाले. एका खासगी रुग्णालयात जनरल मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी करत असताना मी या प्रशिक्षणात दाखल झाले होते. रुग्ण तपासता तपासता संशोधनही करणारा डॉक्टर व्हावे अशी इच्छा असलेल्या माझ्या दोन धाकट्या सहकाऱ्यांनी ‘अर्ज करावा का’ असे विचारले, आणि त्यांना दोन ओळींत उत्तर देणे जमेना, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. प्रशिक्षणाचे नाव मी जाणीवपूर्वक देत नाही, कारण त्याची पहिलीच तुकडी बाहेर पडत आहे आणि मी ज्या उणिवा सांगणार आहे त्या रचनेच्या आहेत. त्यांचा दोष कोणा व्यक्तीवर जाऊ नये. माझे मत आधीच सांगते: मार्गदर्शन उत्कृष्ट आहे, वेळेची व्यवस्था अपुरी आहे, आणि या दोन्ही गोष्टींचे वजन सारखेच आहे.

प्रशिक्षणाची गरज काय, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडू शकतो, कारण पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात प्रबंध सक्तीचा आहेच. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांनी संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही सक्तीचा केला असून चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम आमच्यापैकी बहुतेकांनी पूर्ण केलेला असतो. मीही तो पूर्ण केला होता, परीक्षा दिली होती आणि प्रमाणपत्र जपून ठेवले होते. तरीही स्वतःचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायला बसले तेव्हा मी तेच केले जे बहुतेक निवासी डॉक्टर करतात: वरच्या वर्षाच्या सहकाऱ्याचा जुना प्रबंध मागून घेतला आणि त्यातील आजाराचे नाव व रुग्णालयाचे नाव बदलायला सुरुवात केली. व्याख्यान ऐकून पोहायला येत नाही, तसेच हे आहे. पाण्यात उतरल्यावर शेजारी कोणीतरी असावे लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील शोधनिबंधांची मोजणी केली होती, आणि त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध आढळला नव्हता. प्रबंध मात्र त्यांपैकी पदव्युत्तर अभ्यासक्रम असलेल्या प्रत्येक संस्थेत दरवर्षी लिहिले जात असणार. लिहिलेला प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो, ही वस्तुस्थिती मला त्या आकड्यापेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

प्रशिक्षणाचे स्वरूप साधे आहे. महिन्यातील दोन शनिवारी दुपारी पणजीत एकत्र बसायचे, प्रत्येक निवासी डॉक्टरला एक मुख्य मार्गदर्शक आणि सर्वांना मिळून एक संख्याशास्त्रज्ञ, आणि अठरा महिन्यांत स्वतःचा एक प्रश्न घेऊन तो संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीपासून शोधनिबंधाच्या मसुद्यापर्यंत न्यायचा. व्याख्याने थोडी आहेत आणि ती इतरत्रही मिळतील अशीच आहेत, त्यांच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते मार्गदर्शकाबरोबरच्या भेटींविषयी.

माझा मूळ विषय होता ‘गोव्यातील हृदयरुग्णांवर आहारातील मिठाचा परिणाम’. हा विषय मला वॉर्डात सुचला होता. पावसाळा सुरू झाला की पायांवर सूज आणि दम घेऊन तेच ते रुग्ण पुन्हा दाखल होताना मला दिसत, आणि त्यांच्या घरी मे महिन्यात भरून ठेवलेले पुरुमेंत, म्हणजे सुकी मासळी, खारवलेल्या कैऱ्या, लोणची, चिंच, सोले, यांचा याच्याशी संबंध असावा असे मला वाटत होते. पहिल्या भेटीत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषयाचे कौतुक केले आणि लगेच विचारले की मीठ मोजणार कसे. मी म्हणाले, रुग्णांना विचारून. त्यांनी शांतपणे समजावले की माणूस किती मीठ खातो हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, म्हणून चोवीस तासांच्या लघवीतील सोडियम मोजणे ही त्याची मान्य पद्धत आहे. मी ती पद्धत लिहून पुढच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न ठेवला: तुझे जवळजवळ सगळे रुग्ण फुरोसेमाइड घेतात, आणि ते औषध मूत्रपिंडातून सोडियम बाहेर टाकूनच काम करते, मग लघवीतील सोडियम जेवणातले किती आणि औषधामुळे बाहेर पडलेले किती, हे तू कसे ओळखणार? मी रोज हे औषध लिहून देत होते, त्याची क्रिया मला तोंडपाठ होती, आणि तरीही हे दोन ज्ञानाचे तुकडे माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटले नव्हते. रुग्णसेवेत शिकलेले आणि संशोधनात लागणारे ज्ञान एकच असते, फक्त त्याला वेगळ्या बाजूने प्रश्न विचारावा लागतो, हे मला त्या दुपारी कळले, आणि अठरा महिन्यांतील सर्वांत मोलाचा तास कोणता असे कोणी विचारले तर मी तोच सांगेन.

पुढे चार भेटींत प्रश्न लहान होत गेला. शेवटी उरला तो असा: पुन्हा दाखल झालेल्या रुग्णांना मागच्या वेळी घरी जाताना मिठाविषयी नेमके काय सांगितले गेले होते, आणि ‘मीठ कमी करा’ या वाक्याचा त्यांनी काय अर्थ घेतला होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, पण ताटात वरून मीठ घेणे थांबवले म्हणजे मीठ कमी झाले असे समजणारा माणूस रोज भाजलेला सुका बांगडा तोंडी लावत असेल, तर त्या पाच ग्रॅमला त्याच्या स्वयंपाकघरात काहीही अर्थ उरत नाही. हा प्रश्न मूळ विषयाइतका भव्य नव्हता, पण त्याचे उत्तर मला एकटीला, एका रुग्णालयात, एका वर्षात शोधता येण्यासारखे होते. मोठा प्रश्न सोडून देताना वाईट वाटते, आणि मार्गदर्शकाने ते वाईट वाटणे मान्य करून मग लहान प्रश्नाची किंमत दाखवून द्यावी लागते. आमच्या मॅडमनी ते केले.

रुग्णसंख्येबाबतही असेच झाले. आपल्याकडच्या प्रबंधांत रुग्णसंख्या फार वेळा शंभर असते. मीही शंभरच लिहिली होती. ‘शंभरच का’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. संख्याशास्त्रज्ञ सरांनी फळ्यावर गणित मांडून दाखवले की एखाद्या गोष्टीचे प्रमाण अंदाजे ५० टक्के धरले आणि ९५ टक्के विश्वासपातळीला १० टक्क्यांपर्यंत चूक चालवून घेतली तर ९६ रुग्ण पुरतात. तीच चूक ५ टक्क्यांवर आणायची असेल तर ३८४ लागतात. चूक निम्मी करायला रुग्ण चौपट. म्हणजे शंभर हा आकडा चुकीचा नव्हता, पण तो निवडताना मी किती अनिश्चितता पत्करली आहे हे मला माहीत असणे आणि ते निबंधात लिहिणे आवश्यक होते. जुन्या प्रबंधातून आकडा उचलणारा आणि गणित करून त्याच आकड्यावर पोहोचणारा, या दोघांचे प्रबंध वरून सारखेच दिसतात, पण पहिल्याला परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःच्या निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा हे कळत नाही.

संमतिपत्राचा भाग मी थोडा विस्ताराने सांगते, कारण गोव्यात तो इतर राज्यांपेक्षा अवघड आहे आणि या प्रशिक्षणाने तो गांभीर्याने घेतला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली, पण वॉर्डात परिस्थिती अशी असते की पेडण्याच्या आजी बोलतात कोकणी आणि वाचतात मराठी, कारण त्यांची शाळा मराठी होती. साष्टीतील काका कोकणीच वाचतात पण रोमी लिपीत. आणि शेजारच्या खाटेवरच्या बांधकाम मजुराला यांपैकी काहीच वाचता येत नाही, त्याला कन्नड हवे असते. मी सुरुवातीला इंग्रजी संमतिपत्राचे शब्दशः मराठी आणि कोकणी भाषांतर करून घेतले होते. ‘या अभ्यासातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून’ अशी वाक्ये त्यात होती. मॅडमनी मला ते घेऊन वॉर्डात जायला सांगितले, सही घ्यायला नव्हे, केवळ वाचून दाखवायला. एका आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाय, हांवें सय करूंक ना जाल्यार म्हजीं वखदां बंद करतलीं?” सही केली नाही तर औषधे बंद होतील का, ही त्यांची एकच शंका होती, आणि माझ्या दोन पानी संमतिपत्रात तिचे उत्तर दुसऱ्या पानाच्या तळाशी, कोणालाही न कळणाऱ्या भाषेत होते. नंतर आम्ही ते वाक्य पहिले केले: सही केली नाही तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य नागरिकही सदस्य असतो. आमच्या समितीतील त्या सदस्यांनी याच वाक्याबद्दल समाधान व्यक्त केले, याचा मला मनापासून आनंद झाला.

नोंदणीच्या बाबतीत प्रशिक्षणाने माझ्या एका सहकाऱ्याला मोठ्या अडचणीतून वाचवले. त्याचा अभ्यास दोन उपचारपद्धतींच्या तुलनेचा होता आणि नीतिसमितीची परवानगी मिळताच तो पहिला रुग्ण घेणार होता. भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला सीटीआरआय म्हणतो तिच्यात, १ एप्रिल २०१८ पासून केवळ आगाऊ नोंदणीच स्वीकारली जाते. पहिला रुग्ण घेतल्यानंतर नोंदणी मागितली तर ती मिळत नाही, आणि नोंदणी नसलेली चाचणी चांगली नियतकालिके छापत नाहीत. त्याच्या मार्गदर्शकांनी पहिला रुग्ण घेण्याच्या आदल्या शनिवारी ही गोष्ट विचारली आणि त्याला थांबवले. ही माहिती ऑनलाइन अभ्यासक्रमात असते, त्यानेही ती ऐकली होती, पण योग्य वेळी आठवण करून देणारा माणूस असणे ही वेगळीच गोष्ट आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव वेळेची आहे. प्रशिक्षणाच्या प्रवेशपत्रात असे म्हटले होते की रुग्णालयाने निवासी डॉक्टरला आठवड्यातून अर्धा दिवस संशोधनासाठी मोकळा द्यावा. ‘द्यावा’ हा शब्द विनंतीचा होता. सहा दिवसांच्या आठवड्यात अर्धा दिवस म्हणजे बारावा हिस्सा, साधारण ८ टक्के, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तापाचे रुग्ण वाढले, खाटांच्या मध्ये खाटा लागल्या, तेव्हा तो बारावा हिस्साही कुठे गेला कळले नाही. माझ्या विभागप्रमुखांना मी दोष देत नाही. रुग्ण समोर असताना डॉक्टरला संशोधनासाठी पाठवणे त्यांना शक्य नव्हते आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते. दोष रचनेचा आहे, कारण तिने मोकळा वेळ कोणाच्या तरी सदिच्छेवर सोडला. इतर देशांत हा वेळ लेखी ठरलेला असतो. इंग्लंडमध्ये अकॅडेमिक क्लिनिकल फेलो या पदावरील प्रशिक्षणार्थीला कामाच्या वेळेचा चौथा हिस्सा संशोधनासाठी मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची ‘स्टार’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना निवासी काळातच एक ते दोन वर्षांचे मार्गदर्शित संशोधन करण्यासाठी निधी देते, म्हणजे रुग्णालयाला त्या डॉक्टरच्या जागी दुसरी सोय करता येते. आपल्याकडे एवढे मनुष्यबळ नाही हे मला मान्य आहे, आणि एका लहान कार्यक्रमाकडून मी तशी अपेक्षा करत नाही. पण महिन्यातून सलग दोन दिवस, ड्यूटीच्या तक्त्यात आधीच लिहिलेले, एवढे जरी मिळाले असते तरी रात्री दोन वाजता इमर्जन्सीच्या टेबलावर बसून मास्टर चार्ट, म्हणजे सर्व रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, भरण्याची वेळ आली नसती. त्या वेळी भरलेल्या रकान्यांत चुका झाल्या, आणि त्या दुरुस्त करायला मला पुढे तीन आठवडे लागले.

दुसरी उणीव संख्याशास्त्रज्ञांच्या उपलब्धतेची. रुग्णसंख्येचे गणित झाल्यावर सरांची माझी भेट झाली ती थेट माहिती गोळा करून झाल्यावर. दरम्यान मी मास्टर चार्टमध्ये ‘सुकी मासळी किती वेळा’ या रकान्यात ‘कधीकधी’, ‘पावसात जास्त’, ‘आठवड्यातून दोनदा’ अशी उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली होती, ज्यांचे कोणतेही विश्लेषण करता येत नाही. पहिल्या दहा रुग्णांनंतर कोणी तो तक्ता पाहिला असता तर हे तिथेच थांबले असते. ही सुधारणा करायला पैसा लागत नाही, म्हणून ती पुढच्या तुकडीपासून व्हावी अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, याबद्दल माझा अजून निर्णय होत नाही. प्रशिक्षण संपते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. पहिला स्वतंत्र निधी मिळवण्याच्या आधीची काही वर्षे या वाटेवर सर्वांत कठीण असतात. अमेरिकेत ‘स्टार’मधून बाहेर पडणाऱ्यांसाठी के-३८ नावाचे पुढचे अनुदान याच अंतरासाठी आहे. आपल्याकडे संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या चिकित्सक आणि सार्वजनिक आरोग्य संशोधकांसाठीच्या पाठ्यवृत्त्या आहेत, आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या योजना आहेत, पण त्यांच्यासाठी अर्ज करण्याइतके काम हातात येईपर्यंत नुकत्याच पदवीधर झालेल्या डॉक्टरने कुठे उभे राहायचे, हे या अठरा महिन्यांत कोणी सांगितले नाही. एक पूर्ण शनिवार या विषयाला द्यायला हवा होता.

गोव्यात असे काम होऊ शकते का, अशी शंका घेणारेही मला भेटले, आणि त्यांना माझे उत्तर ठाम होकाराचे आहे. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ मध्येच सुरू झाली होती. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत होऊ शकते का, हे तपासणारा ‘मानस’ अभ्यास गोव्यातील २४ दवाखान्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हा काजूच्या बागांत काम करणारी माणसे आजारी पडली. अशा आजारावरचे पहिले प्रश्न तिथल्या वाळपईच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरलाच पडतात. त्या डॉक्टरला प्रश्न मांडता आला तर त्याचे संशोधन होते, नाहीतर ती केवळ एका हंगामाची आठवण राहते. लहान राज्य असण्याचा एक फायदाही मला या काळात कळला: माझे रुग्ण घरी गेल्यावर सापडतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही गावी एका दिवसात जाऊन परत येता येते, आणि पाठपुरावा हा ज्या अभ्यासाचा कणा असतो त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

लेखकत्वाविषयी प्रशिक्षणाची भूमिका स्वच्छ होती, हेही नोंदवले पाहिजे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याचे चार निकष दिले आहेत, आणि चारही पूर्ण करणाऱ्याचेच नाव निबंधावर घालायचे, बाकीच्यांचे आभार मानायचे, हे पहिल्याच महिन्यात लेखी ठरले. विभागातील प्रत्येक ज्येष्ठाचे नाव घालण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिला नम्रपणे नकार कसा द्यायचा, याचा सराव आम्ही एका शनिवारी प्रत्यक्ष संवाद करून केला, आणि तो मला पुढे उपयोगी पडला. माझ्या निबंधाचे सात मसुदे मॅडमनी वाचले, प्रत्येक मसुदा त्यांच्या टिपांसह परत आला. निबंध आता एका नियतकालिकाकडे आहे आणि परीक्षकांच्या हरकतींना मी उत्तरे लिहीत आहे.

माझ्या त्या दोन सहकाऱ्यांना मी अर्ज करायला सांगितले आहे. केवळ प्रबंध वेळेत पूर्ण व्हावा एवढाच हेतू असेल तर हे प्रशिक्षण घेऊ नका, त्याने काम वाढते. हेतू त्याहून मोठा असेल तर निवासी काळाच्या पहिल्या सहा महिन्यांतच अर्ज करा, सिनॉप्सिस पाठवून झाल्यावर आलात तर सर्वांत चांगला भाग हातचा जातो. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती निबंध आहेत हे पाहण्याऐवजी त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याला भेटून विचारा की त्याचे मसुदे किती दिवसांत वाचून परत मिळत होते. पहिल्या दहा रुग्णांची नोंद झाली की तक्ता घेऊन स्वतः संख्याशास्त्रज्ञांकडे जा, बोलावण्याची वाट पाहू नका. आणि प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वी विभागप्रमुखांकडे जाऊन महिन्यातील ते दोन दिवस ड्यूटीच्या तक्त्यात लेखी मागून घ्या. पावसाळ्यात ते मिळणार नसतील तर त्यांच्या बदल्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोणते दिवस मिळतील, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.